मठाचे दार आणि मनाची व्याधी

भक्तीच्या प्रांतात वेडाला आपल्याकडे मोठा मान आहे. ज्याला देवाचे वेड लागले असे आपण म्हणतो त्याच्याकडे आदराने पाहतो. संसाराची शुद्ध हरपलेल्या पुरुषाच्या पायांवर डोके ठेवण्यास आपणांस संकोच वाटत नाही. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांस ठाऊकच आहे की, गावचे लोक ज्यांस वेडा म्हणत त्यांसच महानुभाव पंथाने ईश्वर मानले. परंतु हे वेड एक तर अलंकारिक, नाही तर पंथाने ज्याचा अर्थ लावून ठेवला आहे असे. ज्या माणसाला वैद्याने खरोखरच मनोरुग्ण ठरविले आहे, जो रात्रीमागून रात्री झोपत नाही, ज्याला एकदा आपण देवाचे निवडलेले दूत आहो असे वाटते आणि पुढल्याच महिन्यात देवाने आपल्याला टाकले असे वाटते, तो जर म्हणू लागला की, ‘देव मला बोलावीत आहे, मला संन्यस्त व्हावयाचे आहे’, तर आपण काय म्हणतो? आपण म्हणतो, ‘ह्याला औषध द्या.’ औषध द्यावेच. त्यात काही चूक नाही. पण औषधाने मन ठिकाणावर आल्यानंतरही तो तेच म्हणत राहिला, तर मग काय?

हा प्रश्न मला पुस्तकांतून सुचला नाही. माझा एक माजी विद्यार्थी, वसईकडील कॅथलिक कुटुंबातला, काही वर्षांपूर्वी मला भेटावयास आला. विद्यार्थिदशेत त्याला दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले होते. पुढे औषधोपचाराने तो स्थिर झाला, नोकरीस लागला. पण व्रतस्थ होण्याची त्याची इच्छा काही गेली नाही. एका मठाने त्याची सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि सौजन्याने नकार दिला. तो मला म्हणाला, ‘सर, नकाराचे दुःख मी सोशीन. पण हा नकार कोणाचा समजायचा? त्यांचा, की देवाचा?’ मी ख्रिस्ती नव्हे; त्याच्या धर्मगुरूंनी जे सांगावयाचे ते सांगण्याचा मला अधिकार नाही. मी पडलो इतिहासाचा अध्यापक. मी त्याला म्हटले, ‘तुमच्या धर्मसंस्थेला हा प्रश्न आज प्रथम पडला नसेल. मला थोडे वाचू दे.’ प्रस्तुत लेख त्या वाचनातून निघाला आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपल्याकडील ख्रिस्ती मंडळी ज्याला ‘पाचारण’ म्हणतात, ते म्हणजे देवाने एखाद्या व्यक्तीस विशिष्ट जीवनासाठी हाक मारणे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एखाद्या संघात आजन्म राहणे, हा त्या पाचारणाचा एक प्रकार. ह्यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडील विरक्त पुरुष मध्यरात्री घर सोडून निघू शकतो. त्याला वाटेत गुरू भेटला तर भेटला. कॅथलिक व्रतस्थाचे तसे नाही. त्याने हाक ऐकली एवढ्याने भागत नाही. ज्या संघात जावयाचे त्या संघाने त्याला पारखून आत घ्यावे लागते. म्हणजे पाचारणाला दोन बाजू आहेत: एक आत, मनात, दुसरी बाहेर, मठाच्या दाराशी. निरोगी माणसाच्या बाबतीत ह्या दोन बाजूंचा मेळ बसविणे कठीणच असते. ज्याचे मनच आजारी, त्याच्या बाबतीत आतली साक्ष संशयास्पद ठरते आणि बाहेरचे दार बहुधा बंद असते. त्याने उभे राहावयाचे कोठे?

ह्या प्रश्नाचा विचार करताना सर्वप्रथम ज्याच्याकडे जावे लागते तो पुरुष म्हणजे येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लॉयोला. 1521 च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या संतचरित्रे वाचून त्याला वैराग्य झाले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतरचे वर्ष तितकेसे सर्वश्रुत नाही. 1522 साली मॉन्सेरातच्या डोंगरावरील मठात त्याने तीन दिवस घेऊन आपल्या साऱ्या आयुष्यातील पापांचे निवेदन केले आणि तेथून तो मॅन्रेसा ह्या लहानशा गावी येऊन राहिला. तेथे त्याला पापशंकेने पछाडले. एखादे पाप सांगावयाचे राहिले असेल काय? सांगितले ते पुरते सांगितले काय? पुनःपुन्हा निवेदन करावे, पुनःपुन्हा तीच टोचणी. दिवसाचे सात तास गुडघे टेकून प्रार्थना चाले, तरी मनास विसावा नाही. तो राहत असे त्या खोलीत एक मोठा खड्डा होता; त्यात उडी घेऊन एकदाचे संपवावे अशी ऊर्मी त्याला वारंवार येई. पापशंका फिटेपर्यंत अन्नाला शिवावयाचे नाही असा निश्चय करून तो आठवडाभर उपाशी राहिला. शेवटी त्याच्या धर्मगुरूने आज्ञा करून त्याला जेवावयास लावले. ही हकीकत विरोधकांनी रचलेली नाही. उतारवयात 1553 ते 1555 ह्या काळात त्याने स्वतःच ती आपल्या सहकाऱ्याला सांगून लिहविली.

पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या नाडीवर आज कोणाला हात ठेवता येत नाही. म्हणून ह्या अवस्थेला अर्वाचीन वैद्यकातील अमुक एक नाव द्यावे असा माझा आग्रह नाही. पण आत्महत्येची ऊर्मी, उपासमार, आणि एकाच विचाराचे न थांबणारे चक्र ही लक्षणे आज एखाद्या उमेदवारात दिसली, तर कोणताही मठ त्याला आधी वैद्याकडे पाठवील, आणि ते योग्यच होईल. इग्नेशियस त्यातून बाहेर आला तो चमत्काराने नव्हे. ही टोचणी कोणत्या वाटेने येते, कोठे नेते, तिच्या मागे मनाची स्थिती काय होते, हे त्याने बारकाईने न्याहाळले. आणि जुन्या पापांचे पुन्हा निवेदन करावयाचे नाही असे ठरवून तो विषय त्याने बंद केला.

ह्या अनुभवातूनच त्याचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक तयार झाले. ते 1548 साली छापले गेले. त्यात मनातील प्रेरणांची पारख कशी करावी ह्याचे नियम आहेत. पैकी दोन येथे सांगण्याजोगे आहेत. एक असा की, मन उद्विग्न व अंधारलेले असताना कोणताही पूर्वीचा निश्चय बदलू नये. दुसरा असा की, मनाला परमानंदाचा अनुभव आला तरी तो प्रत्यक्ष क्षण आणि त्यामागून येणारा ऊबदार काळ ह्यांत भेद करावा. कारण त्या मागच्या काळात माणूस स्वतःच्या कल्पना देवाच्या नावावर जमा करू लागतो. ज्याच्या मनाचे पारडे एकदा अतिउत्साहाकडे आणि एकदा निराशेकडे झुकते, त्याला ह्या दोन नियमांचे मोल सांगावे लागणार नाही. निराशेत ‘देवाने मला टाकले’ हा निकाल खरा मानू नये. उन्मादात ‘देवाने मला ही मोहीम सांगितली’ हा हुकूमही खरा मानू नये. दोन्ही साक्षी तहकूब ठेवाव्या आणि मन निवळल्यावर पाहावे.

येथवर कथा सरळ आहे. पुढे मात्र ती वळण घेते. इग्नेशियसने आपल्या संघासाठी जी घटना लिहिली आणि जी त्याच्या मृत्यूनंतर 1558 साली संघाच्या पहिल्या महासभेने मान्य केली, तिच्यात संघात कोणास घेऊ नये ह्याचे काही प्रतिबंध दिले आहेत. त्यांतील एक असा: ज्या आजाराने बुद्धी झाकोळते व निर्णय निकोप राहत नाही असा आजार असलेला, किंवा त्या आजाराकडे ज्याचा ठळक कल आहे, असा मनुष्य. मॅन्रेसाच्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिलेला हाच तो पुरुष! त्या वर्षी असा संघ असता आणि त्याच्या दाराशी हा लंगडा यात्रेकरू आला असता, तर स्वतःच्याच नियमाने तो बाहेर राहिला असता.

ह्याला कोणी विसंगती म्हणेल; कोणी वरच्या पायरीवर पोचल्यावर शिडी ओढून घेणे म्हणेल. मला ते तितकेसे खरे वाटत नाही. ज्याने ती अवस्था भोगली आहे त्यालाच हे कळते की, आज्ञापालन, दूरदेशीचा प्रवास, एकांत, अपुरी झोप ह्यांचे ओझे त्या अवस्थेतील माणसावर टाकणे ही दया नव्हे. नियम माणसाच्या योग्यतेविषयी नव्हता, ओझ्याविषयी होता. पण नियम लिहिणाऱ्याच्या मनात असलेला हा भेद नियम वाचणाऱ्याच्या मनात राहतोच असे नाही. आणि नकार ऐकणाऱ्याच्या मनात तर तो जवळजवळ कधीच राहत नाही.

ह्याच संघात पुढे जे घडले ते ह्या भेदाची कसोटी पाहणारे होते. बोर्दो येथे 1600 साली जन्मलेला झाँ-जोझेफ स्यूरँ हा विद्वान जेझुइट 1634 च्या डिसेंबरात लूदँ ह्या गावी पाठविला गेला. तेथील मठातील संन्यासिनींना पिशाचबाधा झाल्याच्या प्रकरणाने तेव्हा सारा फ्रान्स गाजत होता. मठाच्या मुख्य संन्यासिनीची पीडा आपल्यावर यावी अशी स्यूरँने प्रार्थना केली, आणि थोड्याच दिवसांत तो स्वतः कोसळला. पुढली जवळजवळ वीस वर्षे त्याने जे भोगले ते वाचवत नाही. वाचा गेली, लिहिता येईना, स्वतःचे कपडे घालता येईनात. आपण नरकात पडल्याचा निकाल आधीच लागून गेला आहे, अशी त्याची खात्री होऊन बसली. 1645 साली सँ-माकेर येथील संघाच्या घराच्या खिडकीतून त्याने खाली उडी घेतली. तो वाचला, पण मांडीचे हाड मोडून लंगडा झाला.

संघाने त्याला बाहेर काढले नाही. त्याचे सर्वच सहकारी त्याच्याशी प्रेमाने वागले असे म्हणता येणार नाही. पुष्कळांच्या लेखी तो केवळ वेडा होता. पण त्याला घर होते, आणि त्याच्यात वेडाखेरीज आणखी काही आहे असे मानणारी काही माणसे होती. लेखणी धरवत नसताना त्याने आध्यात्मिक प्रश्नोत्तरांचा ग्रंथ तोंडाने सांगून लिहविला. हळूहळू हात चालू लागला, पाय चालू लागले. तो पुन्हा प्रवचने करू लागला, खेड्यांतील लोकांना भेटू लागला. 1663 साली त्याने स्वतःच्या ह्या साऱ्या दुःखाची हकीकत लिहून काढली, आणि 1665 साली बोर्दो येथे तो वारला. सतराव्या शतकातील त्याचे आध्यात्मिक लेखन फ्रेंच वाङ्मयात आज आदराने अभ्यासले जाते. ज्या संघाच्या घटनेने असा आजार असलेल्यास दाराबाहेर ठेवले होते, त्याच संघाने आत असताना आजारी पडलेल्यास दाराबाहेर घातले नाही. हा भेद कायद्याने पुढे स्पष्ट केला. पण त्याच्या आधी तो व्यवहारात होता.

आता ज्याला दाराबाहेरच राहावे लागले त्याची कथा पाहू. बेनेडिक्ट जोसेफ लाब्र ह्याचा जन्म 1748 साली उत्तर फ्रान्समधील आमेत ह्या खेड्यात झाला. पंधरा मुलांत हा थोरला. धर्मगुरू असलेल्या चुलत्याकडे तो शिकत होता. 1766 साली साथीच्या रोग्यांची सेवा करताना चुलता वारला. मुलाच्या मनाने तेव्हा घेतले होते की, आपण अत्यंत कठोर अशा मठात जावे. ट्रॅपिस्ट संघाने वय आणि प्रकृती पाहून त्याला परत पाठविले. कार्थुसियनांच्या एका मठात तो थोडे दिवस राहिला व परतला. दुसऱ्यातही तेच झाले. शेवटी 1769 साली सेत्-फाँ येथील सिस्टर्शियन मठाने त्याला उमेदवार म्हणून घेतले. वस्त्रे दिली, नवे नाव दिले. तेथे पापशंकेने त्याचे मन इतके ग्रासले आणि शरीर इतके खालावले की, 1770 च्या जुलैत त्यांनीही त्याला निरोप दिला.

एवढे नकार पुरे होते. वयाच्या बाविसाव्या वर्षी ह्या मुलाच्या हातात काही उरले नव्हते: घर सोडलेले, विद्या अर्धवट, मठ बंद. इटलीच्या वाटेवर असताना त्याने आईबापांना पत्र लिहिले. त्यानंतर त्याने त्यांना कधी पाहिले नाही. ह्या वाटेवरच त्याला असे उमगले की, आपला मठ म्हणजे रस्ता. पुढली कित्येक वर्षे तो लोरेतो, असिसी, आइन्सीडेल्न, कॉम्पोस्तेला अशा तीर्थांना पायी फिरला. अंगावर एकच फाटका अंगरखा, गळ्यात जपमाळ, पिशवीत दोनतीन पुस्तके. 1776 च्या सुमारापासून तो बहुतेक रोममध्येच राहू लागला. कित्येक रात्री त्याने कोलोसियमच्या भग्न कमानींखाली काढल्या. दिवसा जेथे जेथे चाळीस तासांची आराधना चालू असेल त्या त्या देवळात तो तासन् तास निश्चल बसे. मिळालेल्या भिकेतले तो दुसऱ्या भिकाऱ्यांना देऊन टाकी. त्याच्या अंगावर उवा होत्या. नाक मुरडणारे पुष्कळ होते. 16 एप्रिल 1783 रोजी, पवित्र सप्ताहाच्या बुधवारी, देवळाच्या पायऱ्यांवर तो कोसळला. एका खाटकाने त्याला आपल्या घरी नेले आणि तेथे तो त्याच रात्री वारला. ‘संत वारला, संत वारला’ असे ओरडत रोमच्या गल्ल्यांतून मुले धावत सुटली. 1881 साली तेराव्या लिओ पोपने त्याला संत म्हणून घोषित केले.

मठाच्या दारातून परत फिरलेला संत आपल्या वसईलाही परका नाही. गोन्सालो गार्सिया ह्याची जेझुइटांच्या संघात जाण्याची इच्छा फळाला आली नाही; तो व्यापारात पडला, पुढे फिलिपाइन्समध्ये फ्रान्सिस्कन झाला, आणि 1597 साली नागासाकी येथे क्रूसावर मरण पावला. त्याच्या बाबतीत कारण आजार नव्हते. म्हणून ही तुलना ताणण्याचे कारण नाही. पण एका दाराचा नकार म्हणजे देवाचा नकार नव्हे, एवढे ती दाखविते.

लाब्रच्या कथेचा अर्थ मात्र सावधपणे लावला पाहिजे. तिचा एक सोपा अर्थ असा की, मठांनी हिरा ओळखला नाही. तो अर्थ चुकीचा आहे. सेत्-फाँच्या मठाधिपतीने जे पाहिले ते खरेच होते. त्या कोठडीत तो मुलगा टिकला नसता. दुसरा सोपा अर्थ याहून घातक: ‘दुःख हेच तुझे पाचारण, औषध टाक आणि रस्त्यावर जा.’ असा उपदेश करणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की, धर्मसंस्थेने लाब्रच्या उवांना संतपद दिले नाही, त्याच्या पापशंकेलाही दिले नाही. दिले ते त्याच्या प्रार्थनेला आणि दुसऱ्या भिकाऱ्यांशी वाटून खाल्लेल्या भाकरीला. खरा अर्थ मला असा दिसतो की, नकार बरोबर होता आणि पाचारणही खरे होते. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी सत्य असू शकतात, हेच तर समजावयास कठीण जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या काँ ह्या शहरात ह्या प्रश्नाच्या दोन बाजू एकाच कुटुंबात दिसतात. लिझ्यची संत तेरेझा जगाला ठाऊक आहे. तिचा पिता लुई मार्तँ ह्याला तरुणपणी आल्प्समधील एका मठाने लॅटिन येत नाही म्हणून परत पाठविले होते. तो घड्याळजी झाला, संसार केला, पाच मुली संन्यासिनी झाल्या. उतारवयात त्याची स्मृती व विवेक ढळले. 1889 साली त्याला काँ येथील मनोरुग्णांच्या आश्रमात ठेवावे लागले आणि तीन वर्षे तो तेथे होता. मुलींना मठात धाडल्यामुळेच बाप वेडा झाला, असे लोक बोलत. त्याची मुलगी लेओनी हिला मनोरुग्ण म्हणण्यास आधार नाही. पण ती लहानपणापासून हट्टी, अभ्यासात मागे, त्वचारोगाने त्रासलेली आणि घरच्यांना काळजी लावणारी होती. 1886 साली ती एका मठात गेली व परत आली. 1887 साली काँ येथील दुसऱ्या मठात गेली व परत आली. 1893 साली त्याच मठात पुन्हा गेली व दोन वर्षांनी पुन्हा परत आली. 1899 च्या जानेवारीत ती चौथ्यांदा गेली, आणि 1941 साली तेथेच वारली. बाप ज्या शहरातील मनोरुग्णालयात राहिला, त्याच शहरात मुलगी अखेर टिकली. 2015 साली लुईला, त्याच्या पत्नीसह, संत म्हणून घोषित करण्यात आले. त्याच वर्षी लेओनीच्या संतपदाची चौकशीही सुरू झाली. दाराचा नकार कायमचाच असतो असे नाही. कधी कधी त्यावर तारीख असते.

व्यक्तींच्या कथा येथे संपवून आता कायद्याकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये एक वाद पेटला. पौरोहित्याचे पाचारण म्हणजे अंतःकरणात जाणवणारी ओढ, असे पुष्कळांचे मत होते. जोझेफ लाहितों ह्या धर्मपंडिताने 1909 साली ग्रंथ लिहून ह्याला विरोध केला: ओढ असो वा नसो, शुद्ध हेतू आणि पात्रता असली व बिशपने बोलाविले म्हणजे पाचारण झाले. 1912 साली दहाव्या पायस पोपने नेमलेल्या कार्डिनलांच्या मंडळाने निकाल लाहितोंच्या बाजूने दिला. बिशपने निवडण्याच्या आधी दीक्षेवर कोणाचाही हक्क नसतो, आणि आंतरिक ओढ ही पाचारणाची आवश्यक अट नव्हे, असे त्यात सांगितले.

वरवर पाहता हा निकाल रुग्णाच्या विरुद्ध जातो: सारा अधिकार बाहेरच्यांकडे. पण विचार करू जाता त्यात रुग्णाला एक मोठा दिलासाही आहे. ज्याच्या भावना आजाराने वरखाली होतात, त्याला स्वतःच्या भावनांतून देवाची इच्छा हुडकण्याच्या शिक्षेतून हा निकाल मुक्त करतो. आज ओढ वाटली नाही म्हणून पाचारण संपले असे नव्हे. उद्या आकाश फाटून वाणी ऐकू आली म्हणून पाचारण ठरले असेही नव्हे. मॅन्रेसाला जे एकट्या माणसाने रक्त आटवून शिकले तेच येथे नियम होऊन आले.

1917 च्या धर्मसंहितेने मात्र दार कडक लावले. जे अपस्मारी किंवा वेडे ‘आहेत किंवा होते’ ते पौरोहित्याच्या दीक्षेस अपात्र, असे तिचे शब्द होते. आणि त्याच वाक्यात तिसरा वर्ग पिशाचबाधितांचा होता. ‘किंवा होते’ ह्या दोन शब्दांत किती माणसांचे आयुष्य अडकले असेल! बरा झालेला मनुष्यही त्या शब्दांतून सुटत नव्हता. 1983 च्या नव्या संहितेत हे वाक्य बदलले. आता प्रश्न ‘हा कधी वेडा होता काय?’ असा नाही. तज्ज्ञांचा सल्ला घेऊन ‘ह्या मानसिक व्याधीमुळे हा सेवाकार्य नीट करू शकणार नाही काय?’ असा आहे. आजाराच्या नावाकडून कामाच्या क्षमतेकडे, आणि भूतकाळाकडून वर्तमानाकडे कायद्याने तोंड वळविले. 2008 साली रोमने पौरोहित्याच्या उमेदवारांच्या मानसशास्त्रीय परीक्षेविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही उमेदवाराची पूर्ण जाणतेपणी व स्वेच्छेने दिलेली संमती आवश्यक ठरविली आहे.

व्रतस्थांच्या बाबतीत तर ह्या संहितेत एक लहानसे कलम आहे. तात्पुरती व्रते घेतलेल्यास पुढे मानसिक आजार जडला आणि तो तज्ज्ञांच्या मते संघजीवनास अक्षम ठरला, तर संघ त्याला आजन्म व्रते नाकारू शकतो. मात्र संघाच्या हयगयीने किंवा संघात केलेल्या कामाने तो आजार झाला असेल तर तसे करता येत नाही. आणि जो ह्या काळात वेडाच झाला, ज्याला नवी व्रते घेण्याची शुद्धच राहिली नाही, त्याला संघातून काढून टाकता येत नाही. हे कलम वाचताना मला सँ-माकेरची ती खिडकी आठवली. दाराशी परीक्षा कडक असावी. पण एकदा आत घेतलेला माणूस आजारी पडला म्हणून ओझे ठरत नाही, तो घरचाच राहतो. सासरी आजारी पडलेल्या सुनेला माहेरी नेऊन टाकणारी घरे आपल्या समाजात कमी नाहीत. ह्या कलमाची थोरवी आपणांस निराळी सांगावयास नको.

ह्या सर्व इतिहासाचा निष्कर्ष मी त्या विद्यार्थ्याला एका पत्रात लिहिला. त्यात मी म्हटले: तुझ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या परंपरेने पूर्वीच दिले आहे. मठाचा नकार हा मठाचाच. त्या घराला कोणते ओझे पेलते आणि कोणते तुला पेलेल, एवढेच त्यात सांगितलेले असते. तो चूक असेलच असे नाही. बहुधा तो प्रामाणिकही असतो. पण तुझे आणि तुझ्या देवाचे काय नाते आहे हे सांगण्याचा अधिकार त्या नकाराला नाही, आणि ज्यांनी तो दिला त्यांनीही तसा दावा केलेला नाही. ज्या दिवशी मन काळवंडलेले असेल त्या दिवशी ह्याचा निकाल लावू नकोस. ज्या दिवशी ते फारच उजळलेले असेल त्या दिवशीही नको. औषध चुकवू नकोस. जाणत्या माणसाजवळ सर्व बोलत जा.

त्याचे उत्तर पुष्कळ दिवसांनी आले. नोकरी त्याने सोडलेली नाही. आठवड्यातून दोन दिवस सायंकाळी तो आपल्या गावाजवळच्या मनोरुग्णांच्या एका आश्रमात जातो. रुग्णांना जेवू घालतो, त्यांच्याशी बोलत बसतो. दुसऱ्या एखाद्या संघाला पुढेमागे विचारीनही, असे त्याने लिहिले होते, आणि शेवटी एक ओळ होती: ‘सर, हल्ली मी दार वाजवीत नाही, पण दाराकडे पाठही केलेली नाही.’